हातगादीची शिवण

पावसाळ्यात कातड्यावर बुरशी येते. आधी पिठासारखी पांढरी, मग हिरवी. ओल्या फडक्याने जोर लावून घासली तर ती आत शिरते.

*

वैद्य बाटली देताना दर खेपेला तेच बोलायचा. "बाहेरनंच लावायचं हां. आन लावल्यावर हात धुवायचे. तसंच भाकरीला बसायचं न्हाई."

*

जरीनाच्या घरातून पौषात एक गोधडी गेली, ती परत आली नाही.

*

ढगांमुळे देवळालीत चांद दिसलाच नाही. मशिदीपुढे माना वर करून उभी असलेली माणसं कंटाळून घरी निघाली, तेवढ्यात बेलापूरकडून सायकलवर आलेल्या एकाने ओरडून सांगितलं, तिकडे दिसला.

*

कोंबडी जिवंत राहिली.

मागची सीट

आबासाहेब गाडीत मेले, आणि गाडी जागची हलली नव्हती.

ती हलणार तरी कशी? लढाईपायी पेट्रोल सरकारी कुपनावर मिळत होतं, ते वर्ष-सहा महिन्यांत आणखी आटलं. पाऊस लागायच्या सुमाराला आबासाहेबांनी आपली लांबलचक विलायती गाडी देवळालीच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दगडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली. चाकं अधांतरी. भोवती ऊस.

पण मालकाचा नेम मोडला नाही. दुपारचं जेवण झालं की पांढरंशुभ्र धोतर, कोट, डोक्याला रुमाल, असा साज करून ते मागच्या सीटवर उजव्या अंगाला बसत. दिलावर ड्रायव्हर पुढे बसे. जायचं कुठेच नसे. सीटच्या मधोमध एक जाड गादी होती, ओढली की खाली येणारी, हात टेकायची. आबासाहेब तिला हातगादी म्हणत. तिच्यावर डावा पंजा पसरून ते काचेतून उसाकडे बघत राहत. मग चंची काढत, त्याच तळहातावर तंबाखू चुना लावून मळत, आपण दाढेखाली धरत आणि उरलेली चिमूट पुढे करत. दिलावर ती घेई. अशी त्यांची रोजची सफर.

त्या दिवशी दिलावर दुपारचा नमाज पढून परतला, तर मालक चादरीवर वाकडे झाले होते. ओठांना फेस, डाव्या हाताची बोटं आखडलेली.

राहुरी ठाण्याचा फौजदार सूर्यभान आला तेव्हा ती बोटं त्याने सरळ करून पाहिली होती. सरळ झाली नाहीत.

आता त्याला तीन दिवस होऊन गेले होते. डॉक्टर विष म्हणाला; कोणतं, ते पुण्याहून कळणार होतं, सवडीने. नगरच्या साहेबाला मात्र सवड नव्हती. ड्रायव्हरला उद्या सकाळच्या मोटारीने बेड्या घालून पाठवा, असा त्याचा हुकूम आला होता. एकदा दिलावर नगरला गेला की तो फासावरूनच उतरेल, हे सूर्यभानला ठाऊक होतं. तो स्वतः कोरडवाहू मिरजगावचा माणूस. तिकडे आडात एकदा पडलेलं परत वर येत नाही.

"तुमी उगा लांबन लावताय, फौजदारसाहेब," कानिफनाथ म्हणाला. हा आबासाहेबांचा पुतण्या. अग्नी त्यानेच दिला होता, आणि ताज्या मुंडलेल्या डोक्यावरून तो सारखा हात फिरवत होता. मळा, घर, गाडी, सगळं आता त्याचं.

"गाडीचं काय करणार?"

"इकनार! नगरच्या लष्करात गिऱ्हाईक हाय."

"काका विकू देत नव्हते?"

"इकायचं काय घिऊन बसलात? काका मला हात लावू देत न्हवता. एकदा लहानपनी सीटवर उसाचं कांडं खाल्लं, तर आठ दिस माज्याशी बोलला न्हाई." तो हसला, आणि सुतकात हसलो हे आठवून थांबला. "माज्यावर डोळा ठिवू नका साहेब. मी शेडच्या दाराशी हुतो त्या दिशी. काकानं हात म्होरं केला आन दिलावर काय म्हनला ठावं हाय? नको मालक. सालोसाल चिमूट घेतो, आन त्याच दिशी नको? का बरं?"

सूर्यभानने टोपी उचलली.

"तंबाखूत काय हाय ते ठावं हुतं म्हनूनच ना?"

चंची

"रोजा हुता, साहेब," दिलावर म्हणाला. तो चौकीच्या भिंतीला टेकून बसला होता, बेडीतले हात गुडघ्यांवर. "पैला रोजा. पान्याचा घोट चालत न्हाई, तंबाखू कशी घिऊ?"

"हे कानिफनाथला माहीत नव्हतं?"

"त्यास्नी आमचा सन कळतो तो शीरखुर्म्याच्या वाटीतनं. त्याच्या आदी न्हाई."

हवालदार खुसकन हसला. सूर्यभानने त्याच्याकडे पाहिलं तसा तो बाहेर गेला.

"त्या दिवशी काय काय केलंस ते सांग. सगळं."

"सकाळी सीटची बुरशी काढली. ओलं फडकं, पिळून पिळून, नुसतं टिपायचं. मग कोरडं. मग एरंडेल, बोटाला लागंल इतकंच. जादा झालं की कातडं चिकटतं. वरनं चादर घातली, मालकाच्या धोत्राला डाग नको म्हनून. हातगादी तेवढी उघडी. मालकास्नी तळव्याला कातडं गार लागाय पायजे."

"मग?"

"मग दुपारी मालक यायच्या आदी बगतो, तर हातगादी चिकाट. म्हनलं, माजाच हात सैल पडला काय? मग तळव्यानं जिरवली. फडक्यानं तेल वरच्या वर फिरतं साहेब, जिरत न्हाई. तळव्याची ऊब लागती." त्याने उजवा हात उलटा केला आणि जणू दुसऱ्या कोणाचा असावा तसा बघितला. "आन मग ह्यो हात मेला."

"बेडी आवळलीय?"

"बेडीच्या आदीपसनं. मालक बसले न् बसले तवर मुंग्या आल्या, मग बधिर. काय लागंना. नमाजाला वजू केलं, चांगलं कोपरापातूर धुतलं, तवा कुटं जरा हलका झाला. मला वाटलं, उपाशीपोटी झालं आसंल."

हवालदार दारातून डोकावला. आबासाहेबांच्या चंचीतली तंबाखू आणि डबीतला चुना कोंड्यात कालवून काल एका कोंबडीला घातला होता.

"कोंबडी जिती हाय, साहेब. उलट आनी मागती."

सूर्यभान उठून खिडकीशी गेला. चंची निर्दोष. चुना निर्दोष. चंचीतून निघालेली तंबाखू दाढेखाली जाईपर्यंत वाटेत एकाच ठिकाणी थांबली होती.

तळहातावर.

गोधडी

मळ्याच्या कडेला दिलावरची एक खोली. जरीना दारात बसून तांदूळ निवडत होती. निवडून झालेले पुन्हा सुपात घेत होती आणि पुन्हा निवडत होती.

"मालकाशी त्याचं भांडण होतं म्हणतात," सूर्यभान म्हणाला.

"भांडन कसलं, साहेब? किल्लीवरनं झालं ते."

"कसली किल्ली?"

जरीनाने सूप खाली ठेवलं. "हौसाताई. मालकाची लेक. पैल्या बाळंतपनाला माहेरी आलेली, पौषात. अवघडलं. रगात थांबंना. सुईन म्हनली, माज्या हातातलं न्हाई, नगरच्या दवाखान्यात न्या. गाडी तवा चाकांवर हुती. ह्ये पळतच शेडात गेले, माजी गोधडी मागच्या सीटवर हातरली, गाडी चालूबी केली. मालकानं येऊन किल्ली काढली. म्हनले, पेट्रोल न्हाई, वाटंत बंद पडंल. ह्ये म्हनले, पडू द्या, जिथवर जाईल तिथवर तर न्हेऊ." तिने हातातला खडा दूर टाकला. "तवा मालक म्हनले, गोधडीतनं रगात झिरपतं. कातड्यातनं जात न्हाई."

उसात वारा शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"मग बैलगाडी जुपली. माजी गोधडी तशीच ताईच्या अंगाखाली. जवळची वाट म्हनून मुळा नदीत घातली, वाळूत चाकं रुतली. तिथंच गेली ताई."

"हे सीटवरचं बोलणं कोणी ऐकलं?"

"ह्यांनी. आन माईंनी." माई म्हणजे भागूबाई, आबासाहेबांची बायको. "ह्यांनी किल्ली हिसकायला हात घातला मालकाच्या हाताला. म्हनले, मालक, अल्ला ह्यो हिशोब..." तिने एकदम पदर तोंडाशी नेला. आपण बोलतोय त्या शब्दागणिक नवऱ्याच्या गळ्याभोवती दोर फिरतोय, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

"बोल. थांबू नकोस."

"ह्ये तसले न्हाईत, साहेब. पौषापसनं त्याच सीटला तेल लावलं ह्यांनी. मारायचं आसतं तर—"

"गोधडी कुठंय?"

"माईंकडंच ऱ्हायली. मागाया जीभ रेटंना. माई लई चांगल्या. आता बगा, चांदाच्या रातीला त्यांचा गडी दोनदा इचारून गेला, चांद दिसला का, चांद दिसला का. दिसल्याचं कळलं तशा खारका धाडल्या."

"दरवर्षी पाठवतात?"

"ईदेला शिधा आसतो दरसाल. खारका ह्याच सालाला."

"काही निरोप?"

"व्हय. म्हनल्या, दिलावरला सांग, रोजा मोडू नको. एकबी."

सूर्यभान उठला. दारातून बाहेर पडताना त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण जरीना त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तोंडावर काय आहे ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

हातगादी

शेडमध्ये तेलाचा आणि ओल्या पत्र्याचा वास होता. त्यात तिसरा एक वास मिसळला होता, गोठ्यातला.

त्याने चादर काढली. सीट काळसर तपकिरी, मऊ, बोट दाबलं की सावकाश वर येणारी. दिलावरची वर्षानुवर्षांची मेहनत. आणि मधोमध हातगादी: पांढुरकी पडलेली, कोरडी, उन्हाळी शेतासारखी तडकलेली. एकाच जनावराच्या अंगावर दोन कातडी असावीत, तशी.

"काकीनं शुद्ध केली," कानिफनाथ मागून म्हणाला. तो आला कधी ते कळलं नव्हतं. "मानूस गेला की गोमूत्र शिंपडत्यात. आमच्यात रीतच हाय. दुसऱ्या दिशी सकाळी तांब्या आन राख घिऊन जाताना बगितलं मी तिला."

"राख कशाला?"

"घासाया. भांडी घासत्यात तशी. बायामानसाला कातड्यातलं काय कळतं?"

सूर्यभान सीटकडे बघत राहिला. आबासाहेब पडले ते सीटवर. फेस सांडला तो चादरीवर, चादरीखालच्या सीटवर. शुद्धच करायची तर मढं पडलं ती जागा आधी करायची. त्या जागेला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. धुतली होती फक्त ती वीतभर गादी, जिच्यावर मेलेल्या माणसाचा जिवंतपणी हात होता.

"जा तू," तो म्हणाला. कानिफनाथ गेला.

तो गुडघ्यावर बसला. हातगादीच्या कडेने दोऱ्याची शिवण होती, बाकीच्या सीटपेक्षा नवी, घट्ट, पांढरी. राख आणि गोमूत्र वरून फिरलं होतं, शिवणीच्या बेचक्यात शिरलं नव्हतं. तिथे तेल साचून राहिलं होतं. त्याने टाचणी काढून थोडं खरवडलं, हुंगलं. एरंडेल नाही. तिळाच्या तेलाचा वास, आणि त्याखाली मुळीसारखं काहीतरी कडू.

पुण्याहून कागद येईपर्यंत दिलावर संपलेला असेल. दुसरी कोंबडी आणायला वेळ होता. पण त्याला त्या क्षणी स्वतःलाच कळायला हवं होतं. त्याने टाचणीचं टोक जिभेला लावलं आणि लगेच थुंकला.

आधी काहीच नाही. मग जिभेच्या शेंड्यावर एक मुंगी चालली. मग पुष्कळ. मग त्या मुंग्या ओठांवर उतरल्या, आणि ओठ नाहीसे झाले.

बाटली

भागूबाई माजघरात भिंतीशी बसली होती. फौजदाराला पाहून उठायला लागली. आधी एक हात भिंतीला, मग दुसरा, मग कण्हत अर्धी उभी राहिली.

"बसा, बाई," सूर्यभान म्हणाला. म्हणजे म्हणायला गेला. जीभ तोंडात दुसऱ्याची असल्यासारखी पडली होती आणि शब्द जाड, बोबडे बाहेर आले.

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग त्याच्या बोटांकडे, बोटांतल्या टाचणीकडे. आणि ज्या बाईला उठायला भिंत लागत होती ती दोन ढांगांत पाण्याच्या घागरीशी पोचली.

"चूळ भरा. गिळू नका! थुका. अजून एक. हात धुवा आदी, तोंडाला हात लावू नका. किती घेतलंत?"

"टोक."

"टोकच ना? मग उतरंल. बसा. बोलू नका." तिने तांब्या त्याच्या हातात दिला, आणि दिल्यावर तिचा हात तिथेच थांबला.

दोघंही त्या तांब्याकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी गुरांना हाकत होतं.

सूर्यभानने कोनाड्याकडे पाहिलं. तिथे वैद्याची बाटली होती, तळापर्यंत रिकामी.

"गुडघ्याचं तेल," तो सावकाश म्हणाला. प्रत्येक शब्द उचलून ठेवावा लागत होता. "बचनागाच्या मुळीचं?"

"व्हय."

"सकाळी दिलावर साफसफाई करून गेल्यावर तुम्ही ते हातगादीला लावलंत. मालक तिथे पंजा टेकणार, त्याच पंजावर तंबाखू मळणार. चंची कोणी कितीही तपासू दे."

ती खाली बसली. आता पुन्हा गुडघे दुखत होते.

"मी काय काय धरून बसलो होतो, बाई. कानिफनाथला फायदा. दिलावरला राग. पण फायदा बघणारा चांद कशाला बघेल? त्याला एक मेला काय, दोन मेले काय. ज्याला चिमूट घेणारा दुसरा माणूस वाचवायचा होता, तोच रोज्याची वाट बघणार."

"दिलावरनं गाडी चालू केली हुती," भागूबाई म्हणाली. "समद्या मळ्यात एकट्यानं. घरची मानसं हुती, सोयरे हुते. कुनी हललं न्हाई. त्यो किल्लीसाठी मालकाच्या अंगावर गेला. त्याला मी इख कसं घालीन?" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चिमूट रोज घ्यायचा मेला. रोज! पौषापसनं बाटल्या साठवल्या, गुडघे तसंच ठिवले, आन चांदाची वाट बगितली. त्यो हातानं जिरवील, ते मला सुचलं न्हाई. मी फडक्यानं लावलं, त्योबी फडकंच फिरवील आसं समजले."

"आणि त्याला पकडून नेलं तेव्हा?"

"म्हनलं, डागदर म्हनंल काळीज बंद पडलं. मग म्हनलं, रोजा हुता हे समद्या गावाला ठावं हाय, सोडतील त्याला. आज सोडतील, उद्या सोडतील."

"उद्या त्याला नगरला पाठवतोय."

तिने मान वर केली. भीती होती ती आता पहिल्यांदाच दिसली, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

"मग आजच चला की," ती म्हणाली. "माज्या गुडघ्यानं चालनं हुनार न्हाई. गाडी जुपाया सांगा."

बैलगाडी जुंपेपर्यंत तिने ट्रंक उघडली आणि खालून एक गोधडी काढली. घडी घट्ट, धुवून विटलेली. मधोमध तपकिरी डाग, पसरलेला, कडेला फिका होत गेलेला.

"जरीनाला द्या. धुतली मी, किती येळा. तिला म्हनावं, डाग तेवढा न्हाई गेला."

चौकीत दिवेलागणीच्या वेळी सूर्यभानने स्वतः बेडी काढली. दिलावरने मनगटं चोळली आणि भागूबाईला गाडीतून उतरताना पाहिलं. कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या तळव्याकडे.

"माई," तो म्हणाला.

"रोजे धरलेस?" तिने विचारलं.

"धरले."

"एकबी मोडला न्हाईस?"

"न्हाई."

"मग झालं," भागूबाई म्हणाली आणि हवालदाराचा हात धरून पायरी चढली.

सकाळी कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार धूर सोडत आली. मागच्या बाकावर, लाकडी फळीवर, तिला बसवलं. सूर्यभान शेजारी बसला. त्याची जीभ अजून नीट परतली नव्हती, आणि मुळेच्या पुलावर मोटार आली तेव्हा भागूबाईने वाळूकडे बघितलं की नाही, हे त्याने बघितलं नाही.

शिवण

हौसाचा तेरावा झाल्यावर आबासाहेबांनी हातगादीची उसवलेली शिवण नगरला जाऊन नवी घालून आणली. हौसा गेली त्या दिवशी टाकीत जे पेट्रोल होतं त्यावरच गाडी गेली, आणि त्याच पेट्रोलवर परत आली.